सॉफ्टवेअर कुणाच्या हातून घ्यावं?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि त्या मानाने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले, अजून धडधाकट असलेले कितीतरी संगणक त्या तारखेला कालबाह्य ठरले. शाळेची लॅब, झेरॉक्सचं दुकान, गावातलं वाचनालय, घरातला मुलांचा पीसी अशा ठिकाणची ही यंत्रं भंगारात घालण्याची गरज नाही. त्यांवर लिनक्स उत्तम चालतं, आणि ते टाकणं अवघडही नाही. डेबियन, उबंटू किंवा लिनक्स मिंट अशा एखाद्या डिस्ट्रिब्युशनची, म्हणजे लिनक्सच्या तयार संचाची, फाइल उतरवून पेनड्राइव्हवर लिहायची आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. हार्ड डिस्कला हात न लावता सगळं चालवून बघता येतं: वायफाय पकडतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर ओळखतोय का. खात्री पटली आणि आधीच्या फायलींची प्रत दुसरीकडे सुरक्षित ठेवली, की मग इन्स्टॉल करावं.

खरी अडचण येते त्यानंतर, आणि ती सवयीची असते. विंडोजवर एक रीत अंगवळणी पडलेली असते. हवा तो प्रोग्राम गूगलवर शोधायचा, समोर येईल त्या साइटवरचं डाउनलोडचं बटण दाबायचं आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करत सुटायचं. ही फाइल बनवली कोणी, आणि आपल्यापर्यंत येईतो ती कुणाकुणाच्या हातून गेली, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकण्याची सगळी व्यवस्था याच प्रश्नाभोवती उभी आहे. ती समजून घेतली तर डेस्कटॉपही सुखाने चालतो आणि सर्व्हरही. विंडोजचीच रीत इथे चालवायला गेलं तर थोड्याच दिवसांत यंत्राचं कडबोळं होतं.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. जुन्या मराठी दिवाळी अंकांची पानं स्कॅन केलेली आहेत आणि त्यांतला मजकूर पुन्हा टाइप न करता युनिकोडमध्ये हवा आहे. त्यासाठी टेसरॅक्ट नावाचा मुक्त प्रोग्राम आहे. ह्यूलेट-पॅकार्डच्या ब्रिस्टल इथल्या प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात तो जन्मला, २००५मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला, पुढे गूगलने त्याला बळ दिलं. डेबियन किंवा उबंटूवर टर्मिनल उघडून एवढंच लिहायचं: सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-मार. (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत द्यायच्या, इथे त्यांचा उच्चार दिला आहे. शेवटचं 'मार' हा मराठीचा तीन अक्षरी संकेत.)

एंटर दाबल्यावर काय होतं ते सावकाश बघण्यासारखं आहे. अ‍ॅप्टजवळ डेबियनच्या साठ्याची, म्हणजे रिपॉझिटरीची, सूची असते. टेसरॅक्टला कशाकशाची गरज आहे ते तो त्या सूचीत बघतो. चित्रं हाताळायला लेप्टोनिका नावाची लायब्ररी लागते, लेप्टोनिकाला पीएनजी, जेपेग, टिफ वाचणाऱ्या लायब्रऱ्या लागतात. त्यांतल्या आपल्याकडे कोणत्या आहेत आणि कोणत्या आणाव्या लागतील, डाउनलोड किती, डिस्कवर जागा किती, हे सांगून तो परवानगी विचारतो. 'वाय' म्हटलं की फायली उतरू लागतात.

इथे एक तपासणी होते, जी डोळ्यांना दिसत नाही. रिपॉझिटरीच्या सूचीवर डेबियनची डिजिटल सही असते. ती पडताळण्याची किल्ली मूळ इन्स्टॉलबरोबरच आपल्या यंत्रावर आलेली असते. सूचीमध्ये प्रत्येक पॅकेजचा एसएचए-२५६ ठसा नोंदलेला असतो. उतरलेल्या फाइलचा ठसा त्याच्याशी जुळला नाही, तर अ‍ॅप्ट ती फाइल घेत नाही. त्यामुळे फायली कुठल्या मिरर सर्व्हरवरून आल्या याला फार महत्त्व उरत नाही. मधल्या कुणी त्यांत फेरफार केला तर सही किंवा ठसा त्याला पकडून देतो. २००७च्या डेबियन ४.०पासून ही पडताळणी व्यवस्थेचाच भाग आहे. अनोळखी साइटवरून उचललेल्या इन्स्टॉलरपाशी ही साखळी सुरूच होत नाही.

फायली आल्या की डीपीकेजी हा प्रोग्राम त्या उघडतो. डेब फाइल म्हणजे आत दोन गठ्ठे असतात: एकात प्रत्यक्ष बसवायच्या फायली, दुसऱ्यात पॅकेजची माहिती आणि बसवण्याआधी-नंतर चालवायच्या छोट्या स्क्रिप्टा. कोणती फाइल कुठे ठेवली याची नोंद राहते. काढायची वेळ आली की त्याच नोंदीवरून ती काढली जाते. डिस्कवरच्या एखाद्या फाइलकडे बोट दाखवून 'ही कुणाची?' असं विचारलं, तर 'डीपीकेजी -एस' (एस कॅपिटल) तिच्या पॅकेजचं नाव सांगतो. विंडोजवर वर्षानुवर्षं साठत जाणाऱ्या अनाथ फायली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या नोंदवहीची किंमत लगेच कळेल.

आता टेसरॅक्टला चित्राच्या फाइलचं नाव, निकालाच्या फाइलचं नाव आणि '-एल मार' एवढं दिलं की मजकुराची फाइल तयार होते. पानात इंग्रजीही असेल तर 'मार+इंग' म्हणायचं. स्कॅन ३०० डीपीआयचा असावा. स्वच्छ, अलीकडच्या छपाईचं पान तो चांगलं वाचतो. खिळ्यांच्या जुन्या छपाईत तुटलेल्या वेलांट्या आणि पुसट अनुस्वार मात्र हाताने दुरुस्त करावेच लागतात. मराठीसाठी हे इतकं सहज, फुकट आणि इंटरनेटशिवाय आपल्याच यंत्रावर व्हावं, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

ही सोय कुणी केली? टेसरॅक्ट लिहिणाऱ्यांनी प्रोग्राम लिहिला, पण तो डेबियनच्या साठ्यात आपोआप येऊन बसत नाही. मूळ लेखक आणि वापरणारा यांच्यामध्ये एक मेन्टेनर असतो. बहुतेक वेळा तो स्वयंसेवक असतो, आणि त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. तो मूळ लेखकाचा कोड घेतो, त्याचा परवाना डेबियनच्या १९९७मध्ये ठरलेल्या निकषांत बसतो का ते तपासतो, फायली ठरलेल्या जागी पडतील अशी व्यवस्था करतो, इतर पॅकेजांशी भांडण होणार नाही हे बघतो आणि कुठे काही मोडलं तर तक्रार ऐकून घेतो. इयन मर्डॉकने १६ ऑगस्ट १९९३ला डेबियनची घोषणा केली. आज त्यामागे हजाराच्या आसपास अधिकृत डेव्हलपर आहेत, आणि २०२३च्या डेबियन १२मध्ये ६४,०००हून अधिक पॅकेजेस होती. त्याच वर्षी या मंडळींची वार्षिक परिषद भारतात, कोचीला भरली होती.

मेन्टेनर नसता तर काय करावं लागलं असतं, हे जुन्या लोकांना माहीत आहे. सोर्स कोडचा गठ्ठा आणायचा, उलगडायचा, 'कॉन्फिगर' चालवायचं. ते एखादी लायब्ररी नाही म्हणून अडायचं. ती आणली की तिची लायब्ररी नसायची. शेवटी 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल'. प्रोग्राम चालायचा, पण तो अद्ययावत ठेवणं, त्यातलं सुरक्षेचं भोक कळणं आणि ते बुजवणं हे सगळं आपल्याच डोक्यावर. अजूनही कधी कधी कोड स्वतः बांधावा लागतो. तेव्हा तो 'यूएसआर-लोकल' या फोल्डरखाली ठेवावा. ती जागा यंत्राच्या मालकासाठी मोकळी सोडलेली असते आणि अ‍ॅप्ट तिथे हात लावत नाही.

साठ्यातही तीन पायऱ्या आहेत. नवं पॅकेज आधी 'अनस्टेबल'मध्ये येतं, ज्याचं कायमचं नाव 'सिड'. तिथे काही दिवस गंभीर दोष न निघता टिकलं तर ते 'टेस्टिंग'मध्ये सरकतं. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवून, दोष निपटून त्यातून 'स्टेबल' निघतं. घाईच्या माणसाला ही चाल कंटाळवाणी वाटते. २०२४च्या मार्चमध्ये याच संथपणाने जगभरच्या सर्व्हरांना वाचवलं.

एक्सझेड ही फायली दाबून लहान करणारी लायब्ररी. जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर ती असते आणि अनेक वर्षं तिची देखभाल लासे कॉलिन हा एकटा माणूस करत होता. २०२१पासून 'जिआ टॅन' या नावाने कुणीतरी तिथे मदतीला येऊ लागला. कामं चोख करायचा. दरम्यान इतर काही खात्यांवरून कॉलिनवर दबाव येत राहिला: कामं रखडतात, दुसऱ्या कुणाला अधिकार दे. थकलेल्या कॉलिनने अधिकार वाटून घेतले. फेब्रुवारी २०२४मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ अशा आवृत्त्या निघाल्या, आणि त्यांत एसएसएचमधून, म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या सोयीतून, सर्व्हरमध्ये घुसण्याचा चोरदरवाजा होता. तो चाचणीसाठीच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या फायलींत लपवलेला होता. त्याला जागं करणारा तुकडा तर सार्वजनिक कोडमध्ये नव्हताच, फक्त वाटपासाठी बनवलेल्या गठ्ठ्यात होता.

तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारा, पोस्टग्रेस डेटाबेसचा डेव्हलपर. आपल्या डेबियन सिडच्या यंत्रावर तो वेगळंच काहीतरी मोजत होता. एसएसएचचं लॉगिन सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतंय आणि प्रोसेसर उगाच राबतोय, हे त्याच्या नजरेला खुपलं. त्याने पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ला सगळं जाहीर केलं. तेव्हा विषारी आवृत्ती सिड, टेस्टिंग आणि इतर काही डिस्ट्रिब्युशनांच्या चाचणी-शाखांपर्यंत पोचली होती. डेबियन स्टेबलवर ५.४.१ होती, म्हणजे निर्धोक. सिडमध्ये लगेच जे पॅकेज टाकलं गेलं त्याचा क्रमांक होता '५.६.१+रिअली५.४.५'. आवृत्ती मागे नेता येत नाही, म्हणून नाव पुढचं आणि माल आधीचा. घाईत केलेलं हे काम किती प्रामाणिक होतं ते त्या क्रमांकातच वाचता येतं.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. एसएसएच सर्व्हर मुळात एक्सझेडची लायब्ररी वापरतच नाही. डेबियनसह काही डिस्ट्रिब्युशनांनी त्याला सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीशी जोडायला एक ठिगळ लावलं होतं, आणि त्या वाटेने ती लायब्ररी आत आली होती. म्हणजे मधल्या माणसाच्या सोयीमुळे दार उघडं पडलं आणि मधल्या माणसाच्या सावधपणामुळे ते स्टेबलपर्यंत पोचलं नाही. याहून मोठी चूक २००८मध्ये उघड झाली होती. डेबियनच्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या पॅकेजमध्ये २००६मध्ये केलेल्या एका बदलामुळे यादृच्छिक संख्या बनवणारा भाग जवळजवळ निकामी झाला होता, आणि त्या काळात बनलेल्या किल्ल्या अंदाजाने ओळखता येतील इतक्या मोजक्या प्रकारच्या होत्या. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आल्यावर मात्र काहीही न लपवता जाहीर केलं गेलं आणि जगभरच्या लोकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. तरीही माझा विश्वास याच व्यवस्थेवर आहे, कारण इथे चूक कुणाची, कधीची, कोणत्या ओळीतली, हे कुणालाही शोधता येतं.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो: स्टेबलमधल्या आवृत्त्या इतक्या जुन्या कशा? उत्तर २०१४च्या हार्टब्लीडमध्ये आहे. ओपनएसएसएलमधलं ते भोक मूळ लेखकांनी १.०.१जी या आवृत्तीत बुजवलं. डेबियन ७वर मात्र १.०.१ईच राहिली. मेन्टेनरांनी दुरुस्तीचा तेवढाच तुकडा जुन्या आवृत्तीवर बसवला आणि क्रमांकाला '+डेब७यू५' अशी शेपटी जोडली. वागणं तेच, भोक बंद. यालाच बॅकपोर्ट म्हणतात. केवळ आवृत्तीचा आकडा वाचून 'सर्व्हर धोक्यात' असा अहवाल देणारी तपासणी-साधनं इथे हमखास फसतात. अशा वेळी 'अ‍ॅप्ट चेंजलॉग' बघावा. त्यात कोणतं भोक कधी बुजवलं त्याची नोंद असते. नवी आवृत्ती हवी म्हणून स्टेबलमध्ये सिडची पॅकेजेस मिसळणं हा सर्व्हर मोडण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

सर्व्हरवर आणखी काही गोष्टी डेस्कटॉपपेक्षा वेगळ्या वागतात. डेबियनवर अपाची टाकला की तो लगेच सुरू होतो आणि ८० नंबरच्या पोर्टवर ऐकू लागतो. पोस्टग्रेस टाकला की तोही सुरू होतो, पण मुळात फक्त त्याच यंत्रापुरता. काय काय बाहेरच्या जगाला उघडं आहे ते 'एसएस -टीएलएनपी' या आज्ञेने दिसतं. ती आज्ञा प्रत्येक इन्स्टॉलनंतर चालवावी, आणि जी सेवा लागत नाही तिचं पॅकेज यंत्रावर ठेवूच नये. सेटिंग्ज 'ईटीसी' फोल्डरमध्ये असतात. त्यांतली फाइल तुम्ही बदललेली असेल आणि नव्या आवृत्तीतही ती बदललेली असेल, तर अपग्रेड मध्येच थांबतं आणि विचारतं: तुमची ठेवू की माझी? घाईने उत्तर देण्याची जागा नव्हे ही. 'डी' दाबलं की दोन्हींतला फरक दिसतो. तो वाचून मगच ठरवावं. काहीच न लिहिता एंटर मारलं तर तुमची फाइल राहते, हा मेन्टेनरांनी वापरणाऱ्याला दिलेला मान आहे.

सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप घेण्यासाठी 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' हे पॅकेज आहे. ते छोट्या सर्व्हरवर असावंच, कारण रोज लॉगिन करून बघणारा माणूस तिथे नसतो. मात्र लायब्ररी डिस्कवर बदलली तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्राम मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहतो. दुरुस्ती आली, पण लागू झाली नाही, असा प्रकार. 'नीडरीस्टार्ट' हे पॅकेज कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायच्या ते सांगतं. कर्नल बदलला तर रीबूटला सहसा पर्याय नाही.

आता साठ्याबाहेरच्या गोष्टी. काही प्रोजेक्ट सांगतात की ही ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा: कर्ल, मग एक पत्ता, मग 'सुडो बॅश'. म्हणजे त्या पत्त्यावर त्या क्षणी जे काही असेल ते तुमच्या यंत्राचे सर्वाधिकार घेऊन चालेल. ना सही, ना नोंद, ना काढण्याची सोय. निदान ती स्क्रिप्ट आधी उतरवून वाचावी. बाहेरची रिपॉझिटरी जोडणं त्याहून बरं, पण तिथेही तिच्या मालकाला तुमच्या यंत्रावर कायमचा परवाना मिळतो, म्हणून अशा रिपॉझिटऱ्या मोजक्याच ठेवाव्यात. डॉकरच्या इमेजमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या तयार डब्यात, तिच्या स्वतःच्या लायब्रऱ्या असतात. यंत्रावर अ‍ॅप्टने कितीही दुरुस्त्या घेतल्या तरी त्या इमेजच्या आत पोचत नाहीत. ती कोणी बनवली आणि शेवटची कधी बनवली, हे बघितलंच पाहिजे.

पायथन शिकणाऱ्या मुलांना डेबियन १२पासून एक संदेश भेटतो. 'पिप इन्स्टॉल' म्हटलं की यंत्र नकार देतं: हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं. मुलं वैतागतात आणि सक्तीने पुढे जाण्याचा पर्याय इंटरनेटवर शोधतात. तो वापरू नये. सिस्टिमची कितीतरी साधनं त्याच पायथनवर चालतात आणि पिपने बदललेली एखादी लायब्ररी त्यांना मोडू शकते. 'व्हेन्व्ह'ने प्रत्येक कामासाठी वेगळं वातावरण करावं आणि त्यात पिपने हवं ते आणावं. शाळा-कॉलेजांत लिनक्स लॅब लावणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्याच तासाला शिकवावी.

डेस्कटॉपवर नव्या आवृत्तीची ओढ रास्त असते. चित्रं, व्हिडिओ, ऑडिओ संपादनाचे प्रोग्राम झपाट्याने सुधारतात आणि दोन वर्षं थांबणं जिवावर येतं. त्यासाठी फ्लॅटपॅक चांगला. प्रोग्राम आपल्या लायब्रऱ्या बरोबर घेऊन वेगळ्या कप्प्यात राहतो, सिस्टिमला धक्का लागत नाही. पाया स्टेबलचा आणि वरचे दोन-चार प्रोग्राम फ्लॅटपॅकचे, ही मांडणी मला घरच्या यंत्रासाठी सर्वांत समंजस वाटते. मराठी टंकलेखनासाठी मात्र बाहेर जायची गरज नाही. 'आयबस-एम१७एन' या पॅकेजमधून इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात, आणि रेड हॅटने खुल्या केलेल्या 'लोहित' देवनागरी फॉन्टचंही पॅकेज साठ्यात आहे.

ज्यांच्याकडे आज डेबियन १२ आहे त्यांनी तारखा लिहून ठेवाव्यात. तिची नियमित सुरक्षा-देखभाल जून २०२६पर्यंत, त्यानंतर दीर्घ देखभाल जून २०२८पर्यंत. डेबियन १३ ९ ऑगस्ट २०२५ला आली. तिच्यावर जाताना आधी बॅकअप घ्यावा, प्रकाशन-टिपणं शेवटपर्यंत वाचावीत, बाहेरच्या रिपॉझिटऱ्या तात्पुरत्या बंद कराव्यात, डेबियन १२ची सगळी अद्यतनं पूर्ण करावीत, मग रिपॉझिटरीच्या यादीत 'बुकवर्म' या डेबियन १२च्या नावाजागी 'ट्रिक्सी' हे १३चं नाव लिहून 'अ‍ॅप्ट अपडेट', त्यामागोमाग 'अ‍ॅप्ट अपग्रेड' आणि शेवटी 'अ‍ॅप्ट फुल-अपग्रेड' चालवावं. सर्व्हर दूर कुठे डेटा सेंटरमध्ये असेल तर हे काम टीमक्स या टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या सत्रात करावं, म्हणजे मध्येच इंटरनेट तुटलं तरी अपग्रेड अर्धवट राहत नाही.